पेशी वाढल्या

आमच्या गावात डेंग्यूवर चाललं नाही असं एकही औषध नाही. पपईच्या पानाचा रस चालतो. गुळवेलीचा काढा चालतो. शेळीचं दूध चालतं, आणि जिच्याकडे दुभत्या शेळ्या आहेत तिच्या दारात पोळ्यानंतर सकाळ-संध्याकाळ गडवे घेऊन माणसं उभी असतात. किवी चालते. आर्वीच्या बाजारात ती नगावर मिळते, आणि कापसाचा चुकारा हाती यायच्या आधीच उसनवारीवर घरात येते. अलीकडे ड्रॅगन फ्रूटही चालायला लागलंय. सगळ्यांनी गुण येतो आणि गुणाची बातमी दोन शब्दांत गावभर फिरते : "पेशी वाढल्या!"

औषधी वनस्पतींचे अर्क डेंग्यूच्या विषाणूवर काम करतात का, हे तपासण्याचं काम मी काही वर्षं केलं. त्यामुळे गावी गेले की ओट्यावरून हाक येतेच, "काऊन वं बाई, सापडलं का औषध?" विचारणाऱ्याच्या मनात शंका नसते. औषध त्यांना सापडलेलंच आहे. मी नागपुरात बसून त्यावर सरकारी शिक्का कधी आणते एवढंच त्यांना हवं असतं. माझी पंचाईत अशी की गावात सगळंच चालतं आणि प्रयोगशाळेत जवळजवळ काहीच चालत नाही. दोन्हीकडची माणसं खोटं बोलत नाहीत.

याचं निम्मं उत्तर डेंग्यूच्या स्वभावात आहे. विषाणू अंगात शिरलेल्या साधारण चार माणसांपैकी एकच आजारी पडतो. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. आजारी पडलेल्या वीसांपैकी एखाद्याचा आजार गंभीर वळण घेतो. उरलेले सगळे आठवड्या-दहा दिवसांत उठून बसतात, काही दिलं तरी आणि काही न दिलं तरी. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गावाच्या भाषेत पेशी, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान घसरतात आणि मग आपल्या आपण वर येतात. आता आमच्याकडचा क्रम बघा. पहिले दोन दिवस अंगावर काढायचे. तिसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरची सुई. चौथ्या दिवशी तालुक्याला रक्त तपासायचं. रिपोर्टवर साठ हजार दिसले की घर हादरतं, कोणीतरी पपईचं झाड असलेल्या घराकडे पळतं आणि रस सुरू होतो. म्हणजे आकडा तळाला पोचला की रसाचा मुहूर्त लागतो. तिथून तो वरच जाणार असतो. तीन दिवसांनी दीड लाख. रसाने वाढल्या की रसासोबत वाढल्या, हे त्या घरात कोण विचारणार? आणि तापाने फणफणलेलं लेकरू मांडीवर असताना कोणी विचारावं अशी माझीही अपेक्षा नाही.

प्रयोगशाळेत मात्र तो प्रश्न विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. प्लास्टिकच्या पारदर्शक प्लेटमध्ये बारीक खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी जिवंत पेशींचा एक थर वाढवायचा. आम्ही वापरायचो त्या व्हेरो पेशी, आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात वेगळ्या केलेल्या. ते माकड कधीच गेलं, पेशी अजून जगभर वाढताहेत. विषाणू वाढवायला डासाच्या पेशी, सी-६/३६ नावाच्या. त्यांचं मूळ तर आपल्याच पुण्यात आहे. के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये तिथल्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्यांपासून पेशींची वंशावळ तयार केली. पुढे १९७८ मध्ये इगाराशी या जपानी संशोधकाने त्यातून विषाणू सहज वाढू देणारी एक शाखा निवडून काढली. आज डेंग्यूवर काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत ती सापडते. पुण्यातल्या अळ्यांचा असा जगप्रवास आमच्या अभ्यासक्रमात कोणी सांगितला नव्हता, म्हणून इथे सांगून टाकला.

तर काही खळग्यांत पेशी, विषाणू आणि अर्क. काहींत पेशी आणि नुसता अर्क. काहींत पेशी आणि ज्यात अर्क विरघळवला तो द्रव, बहुतेक वेळा डीएमएसओचा थेंब. काहींत पेशी आणि विषाणू, औषध शून्य. काहींत फक्त पेशी. वरून दाट थर ओतायचा, म्हणजे विषाणू जिथे पडला त्याच्या शेजारच्याच पेशींना धरतो. काही दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेटचा रंग दिला की जिवंत थर जांभळा दिसतो आणि विषाणूने मारलेल्या जागी पांढरी भोकं. औषध न दिलेल्या खळग्यात भोकं किती आणि दिलेल्यात किती, एवढीच तुलना. सगळ्या प्लेटमध्ये मला सर्वात मोलाचा वाटायचा तो हाच बिनऔषधाचा खळगा. गावाकडे नेमका तोच नसतो.

पहिल्या काही आठवड्यांत नवशिक्यांना फार आनंद होतो. अर्क टाकला आणि विषाणू गायब! सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की कळतं, पेशीच मेल्यात. विषाणूला वाढायला घरच राहिलं नाही. म्हणून दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागतात : किती मात्रेत विषाणू निम्मा होतो आणि किती मात्रेत पेशी निम्म्या मरतात. दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. उत्तर दहाच्या वर आलं तर पुढे बघण्यासारखं काही आहे असं साधारण धरतात. समजा विषाणू ४० मायक्रोग्रॅमला निम्मा झाला आणि पेशी ६० ला निम्म्या मेल्या, तर उत्तर येतं दीड. दीडवाला अर्क कचऱ्यात. आणि दीडवाले अर्क फार असतात. हिरडा, बेहडा, बाभळीची साल यांनी तर आणखी वेगळा घोळ घातला. त्यांच्यात टॅनिन भरपूर, आणि टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, विषाणूच्या असो की आणखी कोणाच्या. बशीत असा अर्क सगळ्याच रोगांवर गुणकारी दिसतो. 'पानाच्या अर्काने डेंग्यूचा विषाणू मारला' अशी बातमी वाचली की मी आधी दुसरा आकडा शोधते. तो बातमीत नसतो.

त्याहून अडचणीची गोष्ट वेळेची. अर्क पेशींना विषाणूच्या आधी देता येतो, विषाणूसोबत देता येतो किंवा विषाणू आत शिरल्यानंतर देता येतो. पहिल्या दोन पद्धतींत निकाल सुंदर येतात. तिसरीत बरेच अर्क गळून पडतात. डास चावायच्या आधी दवाखान्यात कोण येतं? रोगी येतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर रक्तातला विषाणू ओसरायला लागलेला असतो आणि पुढचं नुकसान तो थेट करत नाही. शरीराच्या स्वतःच्या खवळण्यातून रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर निघून जातं, रक्त दाट होतं, दाब उतरतो. हे बहुतेक वेळा ताप उतरतानाच घडतं. डेंग्यूचा सगळा दगा इथे आहे. घरचे म्हणतात ताप गेला, आणि धोका तेव्हाच दारात येतो.

माझ्या काकांचं असंच झालं. ताप उतरला तसे ते सोयाबीनच्या सोंगणीवर नजर ठेवायला वावरात गेले. पोट दुखत होतं, सकाळपासून दोनदा ओकारी झाली होती, पण रस प्यायल्यामुळे असेल म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. दुपारी धुऱ्यावर बसले ते उठेचनात. हातपाय गार. गाडी करून वर्ध्याकडे नेलं. तिथे डॉक्टरांनी काय केलं? सलाईन दिलं. पण कसं, तर तासातासाला नाडी, रक्तदाब, लघवी आणि रक्ताचा दाटपणा बघत, मोजून. कमी पडलं तर रक्तदाब जातो, जास्त झालं तर तेच पाणी फुप्फुसात साचतं. प्लेटलेट चढवल्याच नाहीत. काकू त्यावरून दोन दिवस डॉक्टरांवर नाराज होती. वेळेवर ओळखलं आणि असं मोजून पाणी दिलं तर गंभीर डेंग्यूतही शंभरात एखादाच माणूस जातो. एरवी हा आकडा विसापर्यंत जाऊ शकतो. डेंग्यूवर आज खात्रीने चालणारं औषध विचाराल तर ते हे आहे : मीठ-पाणी आणि घड्याळाकडे लक्ष असलेली नर्स. तापासाठी पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक बिलकुल नाही, कारण रक्तस्राव वाढतो, आणि आमच्याकडची तिसऱ्या दिवसाची सुई बरेचदा तीच असते. काका चालत घरी आले. गावात काय सांगतात? पपईच्या पानाने वाचले.

आता कोणी म्हणेल, अर्क बशीत चालला तर माणसात का नाही चालणार? कागदावरचा हिशोब तसा घाबरवणारा नाही. मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम लागत असतील, तर पाच लिटर रक्तासाठी २५० मिलिग्रॅम झाले. पण ते रक्तात पोचले पाहिजेत. आतडं त्यातलं थोडंच आत घेतं, आत घेतलेलं यकृत लगेच मोडतं, आणि जे उरतं ते बशीत होतं तेच आहे की नाही हे वेगळं शोधावं लागतं. शिवाय यकृताला त्याचा भार होतो. करोनाच्या काळात लोकांनी गुळवेल रोजच्या रोज रिचवली, तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले सहा रोगी नोंदवले. तो अहवाल २०२१ मध्ये छापून आला. त्यावर बराच वाद झाला. दिसायला सारख्या दुसऱ्या वेलीची भेसळ असेल, असंही म्हटलं गेलं. असेलही. पण मग 'झाडपाल्याने अपाय नाही' हे वाक्य तरी कुठे उरतं?

वनौषधींवरच्या प्रत्येक भाषणात चीनच्या तू यूयू येतात. जुन्या ग्रंथातला दाखला, हिवतापावरचं आर्टेमिसिनिन, २०१५ चं नोबेल. ग्रंथात पाला उकळायला नव्हे तर पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं होतं, त्यावरून त्यांनी अर्क कमी तापमानाला काढला आणि म्हणून तो टिकला. हा भाग भाषणात गाळतात, आणि घरी जाऊन सगळे काढा उकळतात. मला मात्र दुसरीच एक गोष्ट सांगाविशी वाटते, जी कोणी सांगत नाही, कारण तिच्या शेवटी पुरस्कार नाही. ऑस्ट्रेलियात एक झाड आहे, त्याच्या बियांत कॅस्टॅनोस्पर्मिन नावाचं रसायन मिळतं. त्यापासून सेल्गोसिव्हिर हे औषध बनवलं. पेशींमध्ये डेंग्यूवर चाललं. उंदरांत चाललं, उंदीर मरायचे वाचले. मग सिंगापुरात डेंग्यूच्या ५० रोग्यांवर रीतसर चाचणी झाली, काहींना औषध, काहींना नुसती साखरगोळी. निकाल २०१४ मध्ये आला : औषध झेपलं, पण विषाणूही लक्षणीय कमी झाला नाही आणि तापही नाही. साध्या उंदराला मुळात डेंग्यू होत नाही. त्यासाठी प्रतिकारशक्तीचा एक मोठा भाग काढून टाकलेले उंदीर वापरावे लागतात, हेही अशा वेळी ध्यानात ठेवावं. पन्नास माणसांच्या त्या नकाराला मी मोठं काम समजते. त्यांच्याकडे बिनऔषधाचा खळगा होता.

झाडं ओळखायला मी गावातल्याच एका आबाजींना सोबत नेत असे. वय झालेलं, गुडघे दुखतात, पण वेलीचं पान बोटात चुरून वास घेतला की नाव सांगतात. पहिल्याच दिवशी मी विचारलं, आबाजी, डेंग्यूवर तुम्ही काय देता? ते म्हणाले, "काई नाई देत. हा ताप नवा हाय वं पोरी. आमच्या बुढ्याच्या टायमाले हिवताप होता, मुदतीचा ताप होता. थ्यावर सांगतो. यावर मी काय सांगू?"

एवढं सरळ उत्तर मला कुठल्या परिषदेत ऐकायला मिळालं नाही. खरंच आहे ते. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पळसाचे मेढे गावाबाहेर टाकताना आम्ही पोरं ओरडायचो, "रोगराई, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" त्या रोगराईत डेंग्यू नव्हता. तो आमच्याकडे आला प्लास्टिकच्या टाक्या, गाड्यांचे टायर आणि कूलर घेऊन. नळाला चार दिवसांआड पाणी, म्हणून घरोघर भरलेले ड्रम. जूनमध्ये पाऊस पडला की कूलर बंद होतो, पण खिडकीतून निघत नाही. टाकीत बोटभर पाणी राहतं. एडिसची मादी पाण्याच्या कडेला, टाकीच्या भिंतीवर अंडी चिकटवते. ती वाळली तरी कित्येक महिने टिकतात, पुढच्या उन्हाळ्यात टाकी भरली की जागी होतात. आशाताई आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून दारोदार सांगते, टाकीची भिंत घासा म्हणते. तिचं कोणी ऐकत नाही, कारण ती काही प्यायला देत नाही. कूलरची टाकी घासणं हे माझ्या सगळ्या अर्कांपेक्षा भारी आहे, पण त्यावर पीएचडी मिळत नाही.

आणि ज्या पपईला आपण आजीबाईचा बटवा म्हणतो ती मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांच्या काळात इकडे आलेली. नवा रोग, बाहेरचं झाड आणि मोबाइलवरून आलेला नुस्खा. यातलं परंपरेचं काय आहे, ते मला कोणी दाखवावं. प्लेटलेट थोड्या लवकर वाढतात असं दाखवणारे काही छोटे अभ्यास पपईच्या पानावर झालेत, ते मी नाकारत नाही. पण काकांना धोका होता तो झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांचा. आकडा वाढवून ते थांबलं असतं असं नाही.

याच आबाजींसोबत मी वासनवेल गोळा केली. धुऱ्यावरची, बोरी-बाभळीवर चढणारी, लहानपणी आम्ही तिची पानं पाण्यात चोळून हिरवं दही लावायचो. खरंच लागतं, थोड्या वेळात पाणी थिजतं. शोधनिबंधात तिचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलेच. दिल्लीच्या आयसीजीईबी या संस्थेतले शास्त्रज्ञ आणि सन फार्मा यांनी वासनवेलीचा शुद्ध केलेला पाण्यातला अर्क तपासला. डेंग्यूविरुद्ध पेशींत आणि उंदरांत तो चालल्याचं २०२१ मध्ये छापून आलं, आणि त्याच्या आदल्या वर्षी करोनासाठी माणसांवरची चाचणी सुरू झाली होती. हे औषध म्हणून येणार असेल तर कायद्यानं त्याचा वेगळा वर्ग आहे. २०१५ पासून भारतात वनस्पतीचा शुद्ध, प्रमाणित केलेला भाग औषध म्हणून मंजूर होऊ शकतो, पण त्यातली किमान चार रसायनं ओळखून, मोजून दाखवावी लागतात, दर घाण्याला तीच, तेवढीच.

ते 'तेवढीच' फार छळतं. आमच्या वासनवेलीने पावसाळ्यानंतर तोडलेल्या खोडात जरा बरा निकाल दिला. एप्रिलमध्ये त्याच धुऱ्यावरून, त्याच आबाजींनी तोडलेल्या खोडात तो नव्हता. माती तीच. उन्हात वेलीनं काय बदललं, की वाळवताना आम्ही सावली कमी दिली, हे अजून बघायचंय. म्हणून या हिवाळ्यात पुन्हा खोडं लागणार आहेत. आबाजींना तसं सांगितलं तर म्हणाले, "वासनवेल? थे त लय हाय. बकऱ्या खातेत. किती पोते पाह्यजे?" पिशवीभर पुरे म्हटल्यावर त्यांचा उत्साह मावळला. मग जरा वेळानं त्यांनीच विचारलं, औषध निघालं तर गावाले काय भेटन?

मी सांगितलं. २००२ चा जैवविविधता कायदा आहे, कंपनीनं इथली वनस्पती वापरून नफा कमावला तर त्यातला वाटा द्यावा लागतो, त्यासाठी गावात समिती असते, लोकांचं ज्ञान लिहून ठेवायची नोंदवही असते. नोंदवही कुठे आहे, त्यांनी विचारलं. कपाटात असेल, मी म्हटलं. कपाटाची किल्ली कोणाकडे? ते दोघांनाही माहीत नव्हतं. बाजूला बसलेला त्यांचा नातू तावातावानं म्हणाला, असं कसं, कंपनीकडून वाटा घेतल्याशिवाय एक काडी द्यायची नाही. आबाजींनी तंबाखू मळता मळता त्याच्याकडे पाहिलं.

"आधी निघू तं दे," ते म्हणाले. "मंग भांडू."